परळचे पांढरे उंदीर

प्लेगची पहिली वर्दी उंदीर देत. आढ्यावरून एखादा झिंगल्यासारखा खाली उतरायचा, दिवसाढवळ्या ओसरीवर भेलकांडायचा आणि तिथेच मरून पडायचा. कृष्णाकाठच्या गावांत ‘उंदीर पडला’ एवढे कानावर आले की पुढचे कुणी सांगावे लागत नसे. धान्याची पोती, भांडीकुंडी, पाळणा, म्हातारी माणसे असे सगळे बैलगाडीत चढवायचे, दाराला कडी घालायची आणि माळावर नाहीतर स्वतःच्या शेतात कडब्याची झोपडी घालून राहायचे. महिना-दोन महिने गाव ओस पडे. मागे राहिलेल्यांपैकी कुणाच्या जांघेत, कुणाच्या काखेत गाठ येई, अंगात फणफणून ताप भरे आणि चार-पाच दिवसांत सारे आटोपे. गाव सोडण्याचा हा उपाय डॉक्टरांनी शिकवलेला नव्हता. तो लोकांनी अनुभवावरून धरला होता आणि त्या काळी हाताशी असलेल्या उपायांत तोच सर्वांत शहाणपणाचा होता. का, ते पुढे मुंबईत कळले.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यात होते, तर सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. प्लेगला अर्थात या हद्दी ठाऊक नव्हत्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून पळाली. गिरणीत कामाला गेलेले घाटावरचे लोक गावी परतले. त्यांच्या बोचक्यांतून, कपड्यांतून आणि पुणे-बेळगाव लोहमार्गावरच्या धान्याच्या पोत्यांतून रोग आत सरकला. १८९७ मध्ये तो सातारा जिल्ह्यात होता आणि पुढची वीस वर्षे दर हिवाळ्याला हजेरी लावत राहिला. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबारा लाख होती. १९०१ ला ती साडेअकरा लाखांच्या आत आली. दुष्काळाचा वाटा त्यात होताच, पण प्लेगचाही मोठा होता.

याच जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवले होते, आणि त्याच सेवेत त्यांनाही लागण झाली. मिरजेत सांगतात की उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना प्लेग झाला तेव्हा ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाणे केल्यावर ते उठून बसले. ही आख्यायिकाच, पण खाँसाहेबांची कबर त्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे आजही उरुसात गाणे होते. त्याच मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी सर्जनने १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले होते. दूरदूरचे रोगी मोतीबिंदू काढायला, मुतखडा काढायला तिथे येत. शस्त्रक्रियेत मिरजेचा हात धरणारे गाव दक्षिण महाराष्ट्रात नव्हते. पण प्लेगच्या गाठीपुढे सुरीचे काही चालत नसे. गाठ कापली तरी रोगी जायचा. खेड्यात मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत, आणि खरे सांगायचे तर त्या वर्षांत मरीआईचा गाडा आणि सरकारी दवाखान्यातली बाटली यांच्या गुणात फारसा फरक नव्हता.

याचे कारण गाठीत नव्हते, रक्तात होते. पिसू चावते तिथून जंतू जवळच्या लसिकाग्रंथीत जातात, तिथे वाढतात, आणि ग्रंथी सुजून गाठ होते. इथवर शरीर लढू शकते. बांध फुटून जंतू रक्तात उतरले की चित्र पालटते. रक्तदाब कोसळतो, नाडी दोऱ्यासारखी बारीक होते, लघवी थांबते. बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठते, बोटांची टोके आणि नाकाचा शेंडा काळा पडतो. माणूस बरळत बरळत बेशुद्ध होतो. आजच्या अतिदक्षता विभागात याला सेप्टिक शॉक म्हणतात आणि तो प्लेगपुरता नाही. न्यूमोनिया, बाळंतपणातला संसर्ग, फुटलेले आंत्रपुच्छ, मधुमेह्याच्या पायाची जखम, कशातूनही तो उद्भवतो. जर्मनीत रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले होते की कॉलऱ्याचे जंतू मारून टोचले तरी जनावर मरते. म्हणजे विष जंतूच्या अंगातच आहे. ते त्याच्या देहाचा भाग आहे आणि जंतू फुटला की मोकळे होते. त्याला एंडोटॉक्सिन हे नाव पडले. प्लेगचा जंतूही याच जातीचा. यातून दोन वेगवेगळी कामे निघतात. एक, जंतूला मारणे किंवा त्याची वाढ थोपवणे. दोन, जंतू मेल्यावरही जो वणवा शरीरात पेटलेला असतो तो विझवणे. पहिल्या कामाचा मोठा भाग मुंबईतल्या परळला झाला. दुसरे अजून चालू आहे.

परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये एका गव्हर्नरची पत्नी कॉलऱ्याने दगावल्यावर गव्हर्नरांनी ती वास्तू सोडली होती. १८९९ मध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली. तिचा कर्ता वाल्देमार हाफकिन त्याआधीच, १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत उतरला होता आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागला होता. त्याने जंतू वाढवायला जे सूप केले ते बोकडाच्या मांसाचे, कारण गाय आणि डुक्कर दोन्ही चालणार नव्हते. वर तरंगायला तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या बारीक लोंब्या खाली लोंबत. बाटली हलवली की त्या गळून तळाशी जात आणि तुपाखाली नव्या धरत. मग ते सारे तापवून मारायचे, थोडे कार्बोलिक घालायचे, झाली लस. आधी ती सशांना टोचली. ससे प्लेगला पुरून उरले तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तापाने फणफणला आणि काम चालू ठेवले. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना ती दिली गेली.

लस चांगली होती, पण ती रोग होण्याआधीची गोष्ट. आणि लोकांचा तिच्यावर विश्वास बसणेही सोपे नव्हते. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले आणि लस घेतलेले १९ जण मेले. हाफकिनवर बालंट आले, नोकरी गेली. तो निर्दोष ठरायला पाच वर्षे लागली. दरम्यान १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने १३ लाखांवर माणसे मेली.

रोग कसा पसरतो हेही परळलाच पक्के झाले. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवले होते, पण त्याचे कुणी ऐकले नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी १९०५ च्या सुमारास रोगी निघालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडायला सुरुवात केली. भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढत. गिनीपिग उचलून आणायचे आणि पिसवा मोजायच्या. मग परळच्या आवारात छोटी कोठारे बांधून त्यात रोगी उंदरांच्या पिसवा सोडल्या आणि पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले जनावर प्लेगने मेले, दोन फुटांवरचे वाचले. पिसवेची उडी तेवढी उंच नसते. हवेत विष असते, मातीत असते, गरिबीच्या वासात असते, असे जे दहा वर्षे बोलले जात होते, ते दोन फूट दोरीने निकालात काढले. साताऱ्याच्या शेतकऱ्याने गाव सोडून माळावर जाण्यात शहाणपण का होते याचा उलगडा इथे झाला. तो पिसवांना मागे टाकून जात होता.

तरीही १९३० पर्यंत गाठ आलेल्या माणसाच्या हातावर ठेवायला एक गोळी नव्हती.

ती गोळी शोधण्याची तयारी करणारा माणूस पंजाबी होता. साहिबसिंग सोखे हे लष्करी वैद्यकीय सेवेतले अधिकारी १९३२ मध्ये परळच्या याच प्रयोगशाळेचे, म्हणजे हाफकिन इन्स्टिट्यूटचे, पहिले भारतीय संचालक झाले. कथ्थक रंगमंचावर नेणाऱ्या मॅडम मेनका या त्यांच्या पत्नी, त्यामुळे मुंबईच्या कलावर्तुळात सोखे ‘मेनकांचे यजमान’ म्हणूनही ओळखले जात. परळला मात्र ते अतिशय कडक शिस्तीचे. त्यांनी आल्याबरोबर मूळ प्रश्नाला हात घातला. कोणताही उपाय गुणकारी आहे की नाही हे मोजायचे कशाने? मुंबईच्या गटारांतले रानटी उंदीर निरुपयोगी झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या प्लेगने निवडून काढल्यामुळे जे उरले त्यांना प्लेग सहजासहजी मारत नव्हता. बाहेरगावचे उंदीर पटकन मरत, मुंबईचे टिकून राहत. म्हणून सोखे यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले पांढरे उंदीर घेतले. एकाच वजनाचे, एकाच खाण्यावर पोसलेले. कातडीखाली किती जंतू टोचले म्हणजे त्यांतले किती मरतात, याची मोजपट्टी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बसवली. ऐकायला हे रुक्ष वाटते. पण ही मोजपट्टी नसती तर पुढचे काहीच झाले नसते, आणि परळच्या साऱ्या कामात मला हेच सर्वांत मोठे वाटते.

तिकडे जर्मनीत बायर कंपनीत गेऱ्हार्ड डोमाक रंगांची तपासणी करत होता. १९३२ च्या डिसेंबरात प्राँटोसिल नावाचा एक तांबडा रंग त्याने स्ट्रेप्टोकॉकस टोचलेल्या उंदरांना दिला. रंग दिलेले उंदीर जगले, न दिलेले मेले. गंमत अशी की हाच रंग काचनळीतल्या जंतूंवर टाकला तर त्यांना ढिम्म काही होत नसे. नळीवर भरवसा ठेवला असता तर औषध कचऱ्यात गेले असते. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मंडळींनी कोडे सोडवले. उंदराच्या शरीरात रंग तुटतो आणि त्यातून बिनरंगाचे सल्फानिलामाइड सुटते; खरे औषध ते. मग सल्फा औषधांची रांगच लागली. इंग्लंडमधल्या मे अँड बेकरचे सल्फापायरिडिन ‘एम अँड बी ६९३’ या नावाने १९३८ मध्ये आले. त्यापाठोपाठ सल्फाथायाझोल आले.

परळला औषधशास्त्राचा विभाग डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित यांच्याकडे होता. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. सोखे आणि दीक्षित यांनी पांढऱ्या उंदरांना प्लेग टोचला आणि सल्फापायरिडिन व सल्फाथायाझोल देऊन पाहिले. अशा प्रयोगाची रीत साधी पण निर्दय असते. एका गटाला औषध, एका गटाला काही नाही. रोज सकाळी पिंजऱ्यापुढे जायचे, मेलेले मोजायचे, प्रत्येक मेलेल्या उंदराची प्लीहा उघडून जंतू आहेत का ते पाहायचे आणि वहीत आकडा लिहायचा. बिनऔषधाचे उंदीर आठवड्याच्या आत संपत. सल्फाथायाझोल दिलेल्यांतले बरेचसे पिंजऱ्यात हिंडताफिरताना दिसू लागले. १९४० मध्ये त्यांचा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गावोगाव झोपड्या घालून राहणाऱ्या मुलखातून प्लेगवरच्या गोळीची पहिली भक्कम बातमी बाहेर गेली ती अशी.

त्याच वर्षी लंडनमध्ये डोनाल्ड वुड्स या जीवरसायनशास्त्रज्ञाला सल्फा काम कसे करते याचा धागा सापडला. यीस्टचा अर्क घातला की सल्फाचा परिणाम नाहीसा होतो, हे त्याला दिसले. अर्कात होते पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल. जंतू त्यापासून फॉलिक आम्ल बनवतात आणि ते बनवणारे एक एन्झाइम, म्हणजे विकर, त्यांच्याकडे असते. सल्फाचा रेणू त्या आम्लासारखा दिसतो. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली. विकर अडकते, फॉलिक आम्ल बनत नाही, जंतूची वाढ खुंटते आणि उरलेले काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. माणसाला मात्र याची झळ लागत नाही, कारण आपल्याकडे ते विकरच नाही. आपण फॉलिक आम्ल भाजीपाल्यातून, डाळीतून आयते घेतो. विकर रोखणाऱ्या औषधांच्या इतिहासातला हा पहिला स्वच्छ विजय. शत्रूच्या घरचे यंत्र बंद पाडायचे, जे आपल्या घरात नाहीच. उंदराच्या घरातही नाही. म्हणूनच उंदराने दिलेली साक्ष माणसाच्या बाबतीत खरी ठरली. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळे घोडे इथेच अडले.

मग महायुद्धाने समुद्रमार्ग तोडले आणि परदेशी औषधे दुर्मीळ झाली. परळचे रसायनशास्त्रज्ञ के. गणपती सल्फा रेणू स्वतः बनवण्याच्या मागे लागले होते. सोखे यांना तर औषध देशातच बनले पाहिजे याचा ध्यासच होता. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते आणि तिथेही त्यांनी हाच घोष लावला. उंदरांनंतर माणसांवर चाचण्या झाल्या. प्लेगच्या रोग्यांना सल्फा औषधे देऊन पाहिली गेली, आणि गाठ आली म्हणजे खाटेवरून उठणे नाही, ही समजूत प्रथमच ढळली. युद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि डीडीटीने घराघरांतल्या पिसवा मारल्या. पन्नाशीच्या दशकात कृष्णाकाठचे लोक माळावरच्या झोपड्या विसरू लागले. १९९४ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडल्याची बातमी आली, तेव्हा म्हाताऱ्यांना तेवढा अर्थ कळला. तरुण डॉक्टरांना पुस्तक उघडावे लागले.

पण सल्फाच्या चाचण्यांत एक गोष्ट डॉक्टरांच्या नजरेतून सुटली नव्हती. रोगी लवकर आला, जंतू गाठीतच होते, तर औषध चालायचे. रक्त जंतूंनी भरलेले असताना, नाडी लागत नसताना तो आला तर अनेकदा औषध देऊनही जायचा. पुढे जंतूंना ठार मारणारी प्रतिजैविके आली तरी हे पुरते बदलले नाही. रक्त तपासावे तर जंतू नाही आणि माणूस मात्र मरतोय, असे कोडे जगभरच्या रुग्णालयांत दिसू लागले. वणवा वेगळा आणि काडी वेगळी, हे फायफरचे गिनीपिग सांगून गेले होतेच.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात वेस्ली स्पिंक आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना एंडोटॉक्सिन टोचून शॉकचा अभ्यास सुरू केला. रक्तदाब कसा पडतो, यकृतात रक्त कसे तुंबते, याची चित्रे निघू लागली. प्रश्न आता असा होता की हा वणवा पेटवणारी आपल्याच शरीरातली विकरे कोणती, आणि ती रोखली तर? बी. जे. नॉर्दोव्हर आणि जी. सुब्रमणियन या दोन संशोधकांनी १९६१-६२ मध्ये ॲस्पिरिनसारखी तापावरची, दुखण्यावरची औषधे घेतली. ही औषधे कॅलिक्राइन नावाचे विकर रोखतात असे त्यांनी मांडले आणि कुत्र्यांतल्या एंडोटॉक्सिन शॉकला ती विरोध करतात असेही दाखवले. ॲस्पिरिन नेमके कोणते विकर अडवते याचे आजचे उत्तर वेगळे आहे. ते १९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी गिनीपिगाच्या फुप्फुसावर काम करून दिले. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनवणारे विकर बंद करते. त्यासाठी व्हेन यांना १९८२ चे नोबेल मिळाले. पण कुत्र्याचा रक्तदाब ॲस्पिरिनसारख्या औषधाने सावरतो ही दहा वर्षे आधीची नोंद खरीच होती.

मग तीस वर्षे उंदीर, ससे, कुत्री, मेंढ्या आणि बबून यांच्यावर एकामागून एक औषधे यशस्वी होत गेली. प्रोस्टाग्लँडिनचे विकर रोखा, जनावर जगते. रक्तवाहिन्या सैल सोडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू बनवणारे विकर रोखा, रक्तदाब वर येतो. प्रयोगशाळांतून इतकी आनंदाची पत्रे निघाली की सेप्टिक शॉक आता गेलाच असे वाटावे. आणि माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा? प्रोस्टाग्लँडिनचे विकर रोखणाऱ्या आयब्युप्रोफेनची मोठी चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ४५५ रुग्ण होते. ताप उतरला, नाडी सावरली, प्रोस्टाग्लँडिन कमी झाले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. नायट्रिक ऑक्साइडचे विकर रोखणाऱ्या औषधाची गोष्ट त्याहून वाईट. ७९७ रुग्णांची ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध न मिळालेल्यांत ४९ टक्के मृत्यू होते आणि औषध मिळालेल्यांत ५९. रक्तदाबाचा आकडा सुधारला आणि माणसे जास्त मेली.

इथे उंदराला दोष देणे सोपे आहे. चूक प्रयोग रचणाऱ्यांची होती, असे माझे मत. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण, निरोगी, एकाच आईबापांच्या पिढ्यांतला. त्याला एंडोटॉक्सिन एकदम टोचतात आणि औषध बहुधा त्याच्या आधी किंवा लगोलग देतात. मिरजेच्या किंवा कराडच्या रुग्णालयात येणारा माणूस साठीचा, मधुमेही, तीन दिवस गावातल्या डॉक्टरच्या सलाइनवर काढून मग गाडीत घातलेला. शिवाय उंदराचे रक्त एंडोटॉक्सिनला विलक्षण निबर असते. माणसाला जेवढ्याने हुडहुडी भरते त्याच्या हजारो पट मात्रा वजनाच्या मानाने उंदीर सहन करतो. आणि मुख्य म्हणजे सल्फाच्या वेळी रोखलेले विकर जंतूचे होते. इथे रोखायचे विकर आपलेच आहे. ते वणवा पेटवते तसे जखमही भरते, रक्तवाहिन्या घट्टही ठेवते आणि जंतूंशीही लढते. शत्रूचे यंत्र बंद पाडताना उंदीर आणि माणूस यांच्यात फरक पडत नाही. स्वतःच्या घरातले यंत्र बंद करायला गेले की घरागणिक हिशेब वेगळा निघतो.

महाराष्ट्रातला या कथेचा ताजा अध्याय अंबरनाथशी जोडलेला आहे. माणसाच्या मूत्रात युलिनास्टॅटिन नावाचे एक प्रथिन असते. ट्रिप्सिन आणि पांढऱ्या पेशींतून सांडणारे इलास्टेज यांसारख्या प्रथिने चिरणाऱ्या विकरांना ते रोखते. जपानमध्ये ते आधीपासून औषध म्हणून वापरात होते. अंबरनाथला कारखाना असलेल्या भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीने ते भारतात आणले आणि गंभीर सेप्सिसमध्ये त्याची चाचणी करवली. मुंबईचे डॉ. दिलीप कर्नाड यांच्या नेतृत्वाखालचा तो लेख २०१४ मध्ये ‘इन्टेन्सिव्ह केअर मेडिसिन’ या नियतकालिकात आला. भारतातल्या अनेक रुग्णालयांतले १२२ रुग्ण होते. निम्म्यांना दर बारा तासांनी, पाच दिवस शिरेतून औषध, निम्म्यांना नुसते सलाइन. पुरेसे औषध मिळालेल्या रुग्णांचा हिशेब केला तेव्हा २८ दिवसांत ७.३ टक्के मृत्यू, तर दुसऱ्या गटात २०.३ टक्के. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण सुरुवातीला नाव नोंदवलेले सगळे रुग्ण धरले की फरक आकसतो आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. चाचणी लहान होती आणि औषध बनवणाऱ्या कंपनीनेच ती करवली होती, हेही विसरता येत नाही. सोखे यांच्या वहीत हा आकडा आला असता तर त्यांनी पुन्हा एक मोठी चाचणी मागितली असती, असे त्यांच्या कामाच्या शिस्तीवरून वाटते.

आज महाराष्ट्रातल्या कित्येक अतिदक्षता विभागांत युलिनास्टॅटिनची इंजेक्शने लिहिली जातात, आणि नातेवाइकांना त्यांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात धावावे लागते. ते महाग आहे. डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हरकत नाही, पण त्यासाठी पहिले काही तास दवडू नयेत. सेप्टिक शॉकच्या जगभर मानल्या जाणाऱ्या उपचारात प्रतिजैविक पहिल्या तासात, शिरेतून भरपूर द्रव आणि रक्तदाब धरून ठेवायला नॉरॲड्रिनलिन, हे तीनच खांब आजही मुख्य आहेत. आपल्याच शरीराचे विकर रोखून शॉक परतवणारे एकही औषध त्यांच्या पंक्तीला अजून बसलेले नाही.